लायमन ४५७१९३ : लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलीसाठी जड गोळीचा साचा

.४५-७० गव्हर्नमेंट हे काडतूस १८७३ साली अमेरिकी लष्करासाठी आले. त्याची मूळची ४०५ ग्रेनची, म्हणजे सुमारे २६ ग्रॅमची, शिशाची गोळी मार्लिन १८९५ सारख्या, हाताखालचा दांडा ओढून काडतूस भरणाऱ्या, लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलीला आजही सर्वांत योग्य आहे, असे माझे ठाम मत आहे. त्याच वजनाची गोळी घरी ओतण्यासाठी मी लायमन या अमेरिकी कंपनीचा ४५७१९३ हा पोलादी साचा वापरतो आणि तो मला मनापासून आवडतो.

त्याचा सर्वांत मोठा गुण गोळीच्या सपाट टोकात आहे. मार्लिनच्या नळीदार मॅगझीनमध्ये काडतुसे एकामागे एक अशी बसतात, की मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला, म्हणजे बुडाच्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीला, टेकते. तिथे कडक, अणकुचीदार गोळी असेल तर बार उडतानाच्या धक्क्याने मॅगझीनमध्येच काडतूस फुटण्याचा धोका असतो. या साच्यातून निघणाऱ्या गोळीचे टोक सपाट असल्यामुळे तो भार प्रायमरच्या एका बिंदूवर येत नाही.

क्रिंपसाठी, म्हणजे काडतुसाचे तोंड गोळीवर घट्ट वळवण्यासाठी, गोळीला दिलेली खाचही तितकीच महत्त्वाची आहे, कारण धक्का आणि मॅगझीनची स्प्रिंग मिळून जड गोळीला केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांड्यात, मागे ढकलू पाहतात. गोळी आत सरकली की दारूची जागा आकुंचित होते आणि दाब वाढतो. म्हणून केसचे तोंड या खाचेत घट्ट वळवावे. गोळी बसवण्याआधी ते एम-डाय नावाच्या साधनाने किंचित रुंद करून घ्यावे, नाहीतर गोळी बसवताना कडेचे शिसे खरवडले जाते. दारू आणि प्रायमर नसलेले एक काडतूस बनवून ते लिव्हरने आत-बाहेर सहज सरकते का, हेही आधी पाहावे.

अचूकता मात्र साच्यापेक्षा व्यासावर अधिक अवलंबून आहे. रायफलीच्या नळीत मऊ शिसे ठोकून नळीच्या आतल्या खाचांचा व्यास मोजावा आणि गोळी त्याहून इंचाचा एक-दोन हजारांश भाग मोठी ठेवावी. मार्लिनच्या काही जुन्या नळ्यांत मायक्रो-ग्रूव्ह पद्धतीच्या उथळ खाचा आहेत, तिथे हे विशेष पाळावे लागते. गोळी सैल असेल तर जळता वायू कडेने निसटतो आणि नळीत शिशाचे थर बसतात. वीस भाग शिसे आणि एक भाग कथील हे मिश्रण मध्यम वेगासाठी पुरेसे आहे.

दारूचे प्रमाण छापील, अद्ययावत मार्गदर्शिकेतूनच घ्यावे. सामी या अमेरिकी शस्त्र-दारूगोळा उत्पादकांच्या संस्थेने .४५-७० साठी ठरवलेली कमाल दाबाची मर्यादा २८,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे. मार्गदर्शिकांत जुन्या एकबारी ट्रॅपडोअर, लिव्हर-अ‍ॅक्शन आणि अधिक भक्कम रायफलींसाठी वेगवेगळे विभाग असतात, आणि भक्कम रायफलीच्या विभागातले प्रमाण लिव्हर-अ‍ॅक्शनमध्ये कधीही वापरू नये. शिसे वितळवताना खेळती हवा असावी, पाण्याचा थेंबही भांड्यात पडू देऊ नये आणि हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये. ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांनी हे काम राहत्या खोल्यांत मुळीच करू नये.

साच्यातून एका वेळी एकच गोळी निघते, त्यामुळे शंभर गोळ्या ओतायला वेळ लागतो. पोलाद गंजू नये म्हणून वापरानंतर तेलाचा हलका हातही द्यावा लागतो. गोळीचा तळ साधा असल्याने तिच्यावर गॅस चेक, म्हणजे तळाचे रक्षण करणारी धातूची छोटी वाटी, बसत नाही. मूळ काडतुसाच्या, म्हणजे सेकंदाला साधारण १,३०० फुटांच्या आसपासच्या वेगाला ती उत्तम आहे. ज्यांना त्याहून बराच अधिक वेग हवा असेल, त्यांनी ज्याच्या गोळीला गॅस चेक बसतो तो आरसीबीएस कंपनीचा ४५-४०५-एफएन साचा घ्यावा.