नाशिकच्या मळ्यातली फ्रेंच-जर्मन द्राक्षं: सुलाच्या चार पांढऱ्या वाइन शेजारी शेजारी

सोव्हिन्यॉन ब्लां आणि शेनिन ब्लां मूळच्या फ्रान्समधल्या, लुआर नदीच्या खोऱ्यातल्या. व्हिओनिए ऱ्होन नदीकाठच्या कोंद्रियूची, रिस्लिंग जर्मनीतल्या ऱ्हाइन-मोझेलची. या चारही द्राक्षांची वाइन सुला ही कंपनी नाशिकमध्ये करते. २००० साली सुलाने पहिली वाइन बाजारात आणली ती यांतल्याच सोव्हिन्यॉन आणि शेनिनची. चारही बाटल्या एकाच बैठकीत उघडल्या की द्राक्ष कुठलं आणि हवा कुठली, हे घोटाघोटाला वेगळं काढता येतं.

आधी हवेचं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. लुआरमध्ये घड पिकतात सप्टेंबर-ऑक्टोबरात, थंडी वाढत जाते तेव्हा. नाशिकला एप्रिलमध्ये खरड छाटणी (नव्या काड्या वाढवण्यासाठी) आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी (घड येण्यासाठी) होते. म्हणजे माल तयार होतो जानेवारी ते मार्चमध्ये, ऊन तापत जातं तेव्हा. जानेवारीच्या रात्री थंड असतात तोवर ठीक. पण फेब्रुवारी सरत आला की द्राक्षातलं मॅलिक आम्ल झपाट्याने घटतं आणि साखर मात्र वाढत राहते. २१-२२ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) तोडणी झाली तर साधारण साडेबारा टक्के अल्कोहोलची, जिवंत आंबटपणाची वाइन मिळते. आठवडाभर उशीर झाला की वाइन जड आणि सपक. म्हणून नाशिकची पांढरी वाइन पिताना फळाच्या वासाआधी आंबटपणा तपासायचा: घोट गिळल्यावर जिभेच्या कडांना पाणी सुटतं का, आणि ते किती वेळ टिकतं.

चाखण्याचा क्रम महत्त्वाचा. आधी कोरड्या, म्हणजे गोडवा नसलेल्या दोन: सोव्हिन्यॉन आणि व्हिओनिए. मग किंचित गोड रिस्लिंग, शेवटी शेनिन. उलटं केलंत तर शेनिनच्या साखरेनंतर सोव्हिन्यॉन नुसती आंबट लागते आणि दोष बिचाऱ्या वाइनवर जातो. ग्लासात ६० मिलीच ओता, म्हणजे फिरवायला जागा राहते. व्हिओनिएनंतर पाणी आणि पावाचा कोरडा तुकडा घ्या. तिचा वास नाकात रेंगाळतो.

सोव्हिन्यॉन ब्लां ८ ते १० अंशांना. पहिला वास हिरव्या ढोबळी मिरचीचा, चिरताना बिया काढल्यावर येतो तसा. हा पायराझिन नावाच्या द्रव्यांचा वास. घडांवर ऊन पडलं की ती कमी होतात, पण आंबटपणा राखायला तोडणी लवकर केली की बरीच शिल्लक राहतात. लुआरमधल्या सांसेरच्या सोव्हिन्यॉनमध्येही हा हिरवटपणा असतो, पण तिथे मागे लिंबाच्या सालीसारखी धार लांबवर जाते. इथे धार सुरुवातीला तीक्ष्ण आणि शेवटी आखूड. तरीही ताजी असताना ही वाइन फार छान आहे. कोथिंबीर वडीबरोबर घ्या, दोन्हींतला हिरवा वास एकमेकांना धरतो. जुनी बाटली मात्र घेऊ नका. वर्ष उलटलं की फळ उडून जातं आणि उकडलेल्या शेंगांचा वास उरतो.

व्हिओनिए, म्हणजे दिंडोरी रिझर्व्ह, या चारांतली आमची सर्वांत आवडती. या द्राक्षात मुळातच आम्ल कमी, त्यामुळे गरम हवेत ते हमखास फसायला हवं. खुद्द कोंद्रियूतही उशिरा तोडलेली व्हिओनिए तेलकट होते. इथे जर्दाळू आणि लिचीचा वास भरपूर आहे, घोट मऊ आणि भरदार आहे, आणि शेवटी किंचित कडवटपणा येतो. तो दोष नाही. आंबटपणाची उणीव तोच भरून काढतो. फ्रिजमधून काढल्या काढल्या ओतलीत तर वासच येणार नाही. १५-२० मिनिटं बाहेर ठेवून १२ अंशांच्या आसपास प्या. नारळाच्या दुधातल्या कालवणाबरोबर उत्तम. चिंच किंवा कोकम घातलेल्या आमटी-कालवणापासून लांब ठेवा. तोंडात आंबट असलं की वाइनमधलं आम्ल जाणवेनासं होतं, आणि हिच्याकडे तेवढंच थोडं आहे.

रिस्लिंगबद्दल थोडक्यात. हिरवं सफरचंद, पीच, थोडा मध. गोड-आंबट, सोपी, बर्फाळ थंड असताना बरी. मोझेलच्या उतारांवर द्राक्ष सावकाश पिकतं आणि त्यातून येणारा ताण, म्हणजे गोडी आणि आंबटपणाची ओढाताण, हाच रिस्लिंगचा कणा. तो इथे नाही. नाव न वाचता प्यायलात तर आवडेल, नाव वाचून प्यायलात तर चुटपुट लागेल.

शेनिन ब्लां खरी रुळली आहे. या द्राक्षाला घर सोडायची सवयच आहे. दक्षिण आफ्रिकेत आज फ्रान्सपेक्षा जास्त शेनिन आहे. मूळचं आम्ल इतकं दणकट, की नाशिकच्या उन्हात घटूनही पुरेसं उरतं. त्यावर थोडी साखर राखलेली, त्यामुळे पेरू आणि अननसाचा स्वाद उठून येतो. तिखट कोळंबी मसाल्याला याहून चांगली जोडी या चारांत नाही, कारण साखर तिखटाची आग कमी करते. कोरडी आणि जास्त अल्कोहोलची वाइन ती वाढवते. लुआरमधल्या व्हुव्रेच्या शेनिनची खोली, म्हणजे ओल्या लोकरीचा आणि मधाचा वास, इथे शोधू नका.

बिघाड बहुतेक वेळा मळ्यात होत नाही, दुकानात होतो. एसी नसलेल्या दुकानात, रस्त्याकडच्या शोकेसमध्ये उभी असलेली बाटली घेऊ नका. मागच्या लेबलवरची तारीख वाचून अलीकडची मागा. रंग फिक्या गवती-पिवळ्याऐवजी सोनेरी-तपकिरीकडे झुकला असेल आणि कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास येत असेल, तर वाइनला हवा किंवा उष्णता लागली आहे. ती परत करा. स्क्रू कॅप उघडल्यावर काडेपेटीचा किंवा किंचित अंड्याचा वास आला तर घाबरू नका. ग्लास पाच मिनिटं फिरवलात की बहुधा जातो. दहा मिनिटांनीही राहिला तर मात्र बाटली बिघडलेली. उघडलेली वाइन झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा. शेनिन तीन दिवस टिकते, सोव्हिन्यॉन दुसऱ्या दिवशी संपवा.