आयुकातली मोफत विज्ञान व्याख्यानं : जाण्याआधी एवढं वाचा

पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुकात, म्हणजे खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्रात, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी चंद्रशेखर सभागृहात शालेय विद्यार्थ्यांसाठी मोफत व्याख्यान असतं. विषय फक्त आकाशाचेच असतात असं नाही. मराठीत ऐकायचं असेल तर सत्राची भाषा आधी संकेतस्थळावर पाहून घ्या. नाहीतर आठवीतलं पोर इंग्रजी सत्रात जाऊन बसतं आणि दहाव्या मिनिटाला जांभया देतं.

थोडं लवकर पोचा, आणि ते फक्त जागेसाठी नाही. आवारातला फूकोचा लंबक (पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे झोक्याच्या बदलत्या दिशेतून दाखवणारा) झुलत असेल तर आत जाण्यापूर्वी त्याची दिशा एखाद्या खुणेशी जुळवून ठेवा. ही दिशा किती वेगाने फिरते ते अक्षांशावर ठरतं, आणि पुण्याचा अक्षांश साधारण 18.5 अंश. त्यामुळे झोक्याची दिशा तासाला जेमतेम पावणेपाच अंश फिरते आणि पूर्ण फेरीला सुमारे 75 तास लागतात (ध्रुवावर जवळपास 24). पाच मिनिटं टक लावून बसलेल्यांना म्हणूनच काही दिसत नाही. दीड तासाने परत या, सात अंशांचा फरक सहज कळतो. खरं सांगायचं तर काही व्याख्यानांपेक्षा हा लंबक जास्त शिकवतो.

मोठ्यांनी शनिवारच्या सत्रातून फार अपेक्षा ठेवू नये, ते मुलांसाठीच आखलेलं असतं. त्यांनी खुली सार्वजनिक व्याख्यानं गाठावीत. 28 फेब्रुवारीचा विज्ञान दिन मात्र सगळ्यांचाच. गर्दी तुफान असते, तेव्हा लहान मुलांना सकाळीच न्या. प्रश्न लिहूनच न्या, माइक हातात आला की आठवत नाही.