पाण्यातून हायड्रोजन काढायचं किट, महिनाभर वापरून

मुलीसाठी घेतलं, सोलर पॅनल, विजेने पाणी फोडणारा छोटा सेल आणि इवलीशी गाडी असं येतं. पॅनल उन्हात धरलं की दोन नळ्यांत बुडबुडे चढायला लागतात आणि एकीत गॅस बरोब्बर दुसरीच्या दुप्पट जमतो, तो हायड्रोजन, दुसरा ऑक्सिजन. पुस्तकात एच-टू-ओ शंभरदा वाचलंय पण हे डोळ्यांसमोर घडताना अंगावर काटाच आला. मग तोच सेल उलटा चालतो, वीज तयार होते, गाडी पळते आणि उरतं फक्त पाणी!

तक्रार एकच. डिस्टिल्ड वॉटरच वापरा हे माहितीपत्रकात अगदी बारीक अक्षरात दिलंय, आम्ही नळाचं पाणी ओतलं आणि क्षारांनी मेंब्रेन, म्हणजे सेलमधला पातळ पडदा, कामातून गेलं, नवीन सेल मागवावा लागला. डब्यावर मोठ्ठं लिहा की हो.

आणि मुलांना हेही सांगा की ही फुकटची ऊर्जा नाही, १ किलो हायड्रोजन काढायला साधारण ५० ते ५५ युनिट वीज जाते आणि त्या हायड्रोजनमध्ये ऊर्जा असते ३३ युनिटच्या आसपास, म्हणजे वीज सूर्याची नाहीतर वाऱ्याची असेल तरच हे इंधन स्वच्छ. घ्याच, पण डिस्टिल्ड वॉटरची बाटली आधी आणा.