पूरधोक्याचा नकाशा : चिपळुणातील एका सर्वेक्षण सेवेविषयी

चिपळूणच्या बाजारपेठेलगतच्या आमच्या गृहसंस्थेने एका खासगी सर्वेक्षण संस्थेकडून पूरधोक्याचा नकाशा करून घेतला. जलसंपदा विभागाच्या नकाशावरील निळी रेषा २५ वर्षांतून आणि लाल रेषा १०० वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या पुराची असते. परंतु पाणी जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत चढेल, हे त्या रेषांवरून कळत नाही. या मंडळींनी ड्रोनने जमिनीची उंची मोजली, २२ जुलै २०२१ च्या पुराच्या भिंतींवर उरलेल्या खुणांची समुद्रसपाटीपासूनची उंची नोंदवली आणि आपले गणित त्या खुणांशी ताडून पाहिले, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. पंपघर आणि वीजमीटरची खोली नव्या नकाशावर जास्त धोक्याच्या गडद लाल रंगात पाहिल्यावर मीटर पहिल्या मजल्यावर हलवण्यास कोणीही हरकत घेतली नाही.

उणीव मात्र गंभीर होती. पहिल्या मसुद्यात केवळ पावसाचा विचार होता. दाभोळच्या खाडीतील भरती चिपळुणातून वाहणाऱ्या वाशिष्ठी नदीचे पाणी तुंबवते आणि कोयना प्रकल्पाच्या वीजनिर्मितीचे पाणी कोळकेवाडी धरणामार्गे याच नदीत उतरते, हे दोन्ही घटक आम्ही आग्रह धरल्यानंतरच समाविष्ट झाले. त्यामुळे अहवाल पावसाळ्याच्या तोंडावर हाती पडला.

दर वाजवी आहे. ही सेवा घेणाऱ्यांनी भरतीचा हिशेब करारातच लिहून घ्यावा आणि छापील नकाशाबरोबर मूळ फाइलही मागावी, कारण गाळ उपसल्यावर किंवा नवा भराव पडल्यावर नकाशा पुन्हा करावा लागतो.