‘ओरिजिनल करून देतो’ म्हणाला आणि माझ्या पिकअपचं इंजिनच विकून खाल्लं

१९५१ ची शेव्हरोले ३१०० पिकअप एका गॅरेजवाल्याला सोपवली आणि ६,८५,००० रुपये पाण्यात घातले. पैसे एक वेळ पुन्हा कमावीन. पण गाडीचं मूळचं २१६ क्युबिक इंचाचं सहा सिलिंडर इंजिन गेलं, गिअरबॉक्स गेला, मागचा अ‍ॅक्सल गेला. ते आता कुठून आणू?

बोलणं अगदी स्पष्ट झालं होतं. गाडी जमेल तितकी मूळची ठेवायची. वायरिंग नवी, पण सहा व्होल्टचीच. समोरची काच दोन तुकड्यांची, मधल्या पट्टीसकट. हौद्यात लाकडी फळ्याच. इंजिनला व्हाइट मेटलची बेअरिंग नव्याने ओतून घ्यायची. वर तोच मला ऐकवायचा, “साहेब, यात बारा व्होल्ट घालणारे गाडीचा जीव घेतात.” असं बोलणाऱ्यावर संशय कोण घेईल?

आगाऊ २,५०,००० दिले. चेसिस आणि सँडब्लास्टिंगचे १,८०,०००, इंजिनचे ९५,०००, डेंटिंग-पेंटिंगचे १,६०,०००. यातले ९५,००० रोख, पावती कच्च्या कागदावर. रोख देऊ नका. एक रुपयाही नाही.

आणि तो फोटो. पेंटिंगचे पैसे मागताना त्याने गाडीचा खालून काढलेला फोटो पाठवला. या मॉडेलचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा, उघडा नसतो, गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत (मागच्या अ‍ॅक्सलच्या मधल्या गिअरपर्यंत) जाड बंद नळीत फिरतो. फोटोत शाफ्ट उघडा होता, मागच्या टोकाला नवाकोरा क्रॉस, म्हणजे शाफ्टचा सांधा, चकाकत होता. मला दिसलं. मी विचारलंही. “चेसिस ढकलायला तात्पुरता लावलाय,” म्हणाला. ढकलायला शाफ्ट लागतोच कशाला? हा एक प्रश्न तेव्हाच तोंडून निघायला हवा होता! मी १,६०,००० पाठवून दिले. पण समोरचा माणूस आपल्यापेक्षा दुप्पट जाणकार, त्याच्या हातच्या दोन चकचकीत गाड्या मी स्वतः चालवून पाहिलेल्या. माझ्या जागी कोणीही हेच केलं असतं.

तोवर त्याने इंजिन आणि गिअरबॉक्स विकून कुठलंतरी डिझेल इंजिन बसवलं होतं. त्या डिझेलच्या गिअरबॉक्सला बंद नळीचा शाफ्ट जुळत नाही, म्हणून अ‍ॅक्सलही बदलला. ताबा घेतला तेव्हा दारांच्या खालच्या कडेला लोहचुंबक लावलं, ते सरळ घसरून पडलं. पत्रा नव्हताच, बोटभर लांबी (पुट्टी) भरलेली. रंग मारण्याआधी उघडा पत्रा डोळ्यांनी बघा, फोटोवर जाऊ नका.

पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य ऐकलं, “हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा.” अहो, माझी वस्तू मला न विचारता विकली, हा विश्वासघात नाही? भारतीय न्याय संहितेत विश्वासघाताचं कलम ३१६ आणि फसवणुकीचं ३१८ कशासाठी आहेत? तर साहेब म्हणतात, “गाडी मिळाली ना परत?” तक्रार अर्जावर शिक्का मारून घ्यायलाही भांडावं लागलं. शेवटी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पाठवला. पोच आली, पुढे काही नाही. त्यांनीही दखल घेतली नाही तर थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं, हे ठाण्यात कोणी सांगत नाही, ते मला वकिलाकडून कळलं.

आरटीओची तऱ्हा आणखी वेगळी. आरसीवरचा इंजिन नंबर जुळत नाही, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. म्हणजे इंजिन विकलं त्याने आणि खुलासा द्यायचा मी! एका खिडकीवर “जुनं इंजिन आणा”, दुसऱ्या खिडकीवर “पोलिसांचा कागद आणा”. पोलीस तर कागद देत नाहीत.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. तिथे दोन वर्षांची मुदत असते, गॅरेजवाल्याच्या ‘पुढच्या आठवड्यात नक्की’वर ती घालवू नका. गाडी देण्याआधी इंजिन नंबर, चेसिस नंबर, डिफरन्शियल, सगळ्याचे जवळून फोटो काढा आणि करारावर त्याची सही घ्या. माझ्याकडे इंजिन नंबरचा फोटो होता, तक्रार उभी आहे ती तेवढ्यावरच.

२१६ चं इंजिन कोणी विकायला आणलं, तर डिस्ट्रिब्युटरजवळ ठोकलेला नंबर बघा आणि मूळ गाडीच्या आरसीची प्रत मागा. ती देता आली नाही, तर मला कळवा.