घरी बनवलेला थंड हवेचा इन्टेक: उन्हाळा, पावसाळा आणि ऊसहंगाम काढल्यानंतरचा अनुभव

माझ्या गाडीचा इन्टेक, म्हणजे इंजिनाला हवा देणारा मार्ग, मी बाहेरची थंड हवा मिळेल असा बदलला. आधी निकाल सांगतो. गाडीची ताकद वाढली, असा दावा मी करणार नाही. पण एप्रिलच्या दुपारी एसी चालू ठेवून कोल्हापुरातल्या गर्दीतून बाहेर पडताना गाडी जी जड पडायची, सिग्नल सुटल्यावर ॲक्सिलरेटर दाबूनही क्षणभर उठायची नाही, ते जवळपास गेलं. एवढ्यासाठी साधारण अडीच हजार रुपये आणि काही सुट्टीच्या दुपारी घालवाव्यात का? माझ्यापुरतं उत्तर 'हो' आहे. का, ते सविस्तर लिहितो, कारण या विषयावर ऐकायला मिळतं त्यातलं बरंचसं फक्त आवाजाबद्दल असतं.

गाडी 2013 सालची, 1.2 लिटर, चार सिलेंडरची पेट्रोल हॅचबॅक. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. प्रत्येक गाडीत बॉनेटखालची जागा वेगळी असते आणि माझी मापं उचलून कुणी दुसऱ्या गाडीत बसवू नयेत. माझ्या गाडीत एअर फिल्टरच्या बॉक्सला हवा देणारं कंपनीचं तोंड रेडिएटरच्या वर, बॉनेटच्या कडेखाली उघडतं. गाडी वेगात असताना तिथे बाहेरची हवा मिळते, म्हणजे रचना मुळात वाईट नाही. अडचण गाडी थांबल्यावर येते. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर दोन्ही तापलेले असतात, पंखा गरम हवा मागे फेकतो, ती बॉनेटखाली कोंडते आणि त्यातलीच थोडी फिरून पुढे येऊन त्या तोंडातून इंजिनात जाते.

काहीही कापण्याआधी मोजमाप केलं. गाडीच्या सेन्सरचे आकडे वाचणारा ब्लूटूथचा ईएलएम 327 ॲडॅप्टर, ते दाखवणारं मोबाईलवरचं टॉर्क ॲप, आणि त्यात 'इन्टेक एअर टेम्परेचर'चा, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेच्या तापमानाचा आकडा. बाहेर 39 अंश असताना दसरा चौकापासून तावडे हॉटेलपर्यंत गर्दीत सरकताना तो आकडा 62-63 पर्यंत चढायचा. महामार्गाला लागल्यावर तो उतरून 47 च्या आसपास स्थिरावायचा, पण त्यालाही काही किलोमीटर लागायचे. माझ्या लेखी खरा प्रश्न हाच होता. वेगात असताना हवा किती गरम आहे यापेक्षा गर्दीतून सुटल्यावर ती किती लवकर थंड होते, हे मला सुधारायचं होतं.

बहुतेक जण इथे कोन फिल्टर घेतात: कंपनीचा बॉक्स काढून टाकायचा, त्याजागी उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर. माझ्या भाच्याने तेच केलं. गाडीचा आवाज भारदस्त झाला, तो खूश आहे. पण त्याच दुपारी, त्याच रस्त्यावर त्याच्या गाडीत आकडा 70 च्या वर गेला. फिल्टर बॉनेटखाली उघडा ठेवला की इंजिन त्याच कोंडलेल्या हवेत श्वास घेतं. फिल्टर कितीही महागडा असला तरी गरम हवा थंड करणं त्याच्या हातात नाही. शिवाय कंपनीच्या बॉक्सला जोडलेली ती बिनकामाची वाटणारी पोकळ डबी म्हणजे रेझोनेटर. ती आवाज दाबण्यासाठी असते. ती काढल्यावर जो आवाज येतो त्याला लोक ताकद समजतात.

म्हणून मी ठरवलं की फिल्टरच्या पुढचं, म्हणजे इंजिनाच्या बाजूचं काहीही उघडायचं नाही. बॉक्स तोच, कागदी फिल्टर तोच, रेझोनेटर तोच, सेन्सर आणि ब्रीदरची (इंजिनातली वाफ परत हवेच्या मार्गात सोडणारी) नळी जिथल्या तिथे. बदलायचं फक्त बॉक्समध्ये हवा कुठून येते ते. याचा मोठा फायदा असा की माझ्या जोडकामात कुठे बारीक फट राहिली तरी धूळ फिल्टरमध्येच अडकते. फिल्टरनंतरच्या नळीत तशीच फट राहिली तर तीच धूळ थेट सिलेंडरमध्ये जाऊन पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (सिलेंडरची आतली भिंत) घासते.

आता बांधणी. आमच्या शिवाजी उद्यमनगरात लेथ, पत्राकाम, आर्गन वेल्डिंग सगळं हाकेच्या अंतरावर मिळतं, त्यामुळे साहित्याची चिंता नव्हती. पहिला विचार 63 मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपाचा होता, कारण तो कुठेही मिळतो. पण पीव्हीसी 80 अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो आणि रेडिएटरच्या शेजारी तेवढी उष्णता सहज भेटते. म्हणून त्याच मापाचा ॲल्युमिनियमचा पाइप घेतला. तिरके तुकडे कापून आर्गनने जोडून दोन वळणं काढून घेतली. वेल्डिंग करणारे काका या कामात मुरलेले. वळण आतून गुळगुळीत हवं म्हणून त्यांनी स्वतःहून सांधे आतून घासून दिले. पुढच्या टोकाला 90 मिलिमीटरचं नरसाळ्यासारखं तोंड केलं. बॉक्सशी जोड सिलिकॉन होजने, दोन्हीकडे क्लिपा. तोंड हेडलाइटच्या मागे, वरच्या जाळीच्या कडेला, रेडिएटरच्या आड न येता बाहेरची हवा मिळेल असं बसवलं.

63 मिलिमीटर पुरतो का, हे बऱ्याच जणांनी विचारलं. हिशोब सोपा आहे. 1.2 लिटरचं चार स्ट्रोक इंजिन 6000 आरपीएमला मिनिटात 3000 वेळा आपलं पोट भरतं. भरण्यातली तूट धरून सेकंदाला सुमारे 50 लिटर हवा. 63 मिलिमीटरच्या नळीतून तेवढी हवा सेकंदाला 16 मीटरच्या वेगाने जाते. एवढ्या आखूड नळीला हे काही जड नाही.

पाइपापेक्षा जास्त वेळ मी पत्र्याच्या आडोशावर घालवला आणि फरकातला मोठा वाटा त्याचाच आहे असं मला वाटतं. दीड मिलिमीटरचा ॲल्युमिनियम पत्रा वाकवून फिल्टर बॉक्स आणि इंजिन यांच्यामध्ये उभी भिंत केली. वरच्या कडेला दरवाजाला असते तशी रबरी बीडिंग लावली, म्हणजे बॉनेट मिटल्यावर ती त्याला टेकते आणि गरम हवा वरून ओलांडत नाही. पाइपावर बाहेरून चंदेरी उष्णतारोधक टेप गुंडाळला. गाडी वेगात असताना हवा नळीतून इतक्या झपाट्याने जाते की तापायला वेळच मिळत नाही. पण आयडलिंगला ती सेकंदभर तरी नळीत रेंगाळते. टेपचा उपयोग तेव्हा.

उन्हाळ्याचे आकडे असे: तोच रस्ता, तीच वेळ, बाहेर तेवढंच ऊन. गर्दीत 62-63 ऐवजी 52-53. महामार्गावर 47 ऐवजी 43. आणि गर्दीतून सुटल्यावर खाली यायला काही किलोमीटर लागायचे, तिथे आता किलोमीटरभरात आकडा स्थिर होतो. हवेची घनता केल्विनमधल्या तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. त्या हिशोबाने गर्दीत सुमारे 3 टक्के जास्त हवा, महामार्गावर जेमतेम सव्वा टक्का. 80-85 अश्वशक्तीच्या इंजिनात सव्वा टक्का म्हणजे एक अश्वशक्ती. ती कुणालाही जाणवत नाही. गर्दीतला फरक मात्र जाणवतो. हवा फार तापली की पेट्रोल अवेळी पेटून इंजिनात ठोका बसू नये म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, इग्निशन टायमिंग मागे घेतो (ठिणगी थोडी उशिरा पाडतो) आणि गाडी मलूल होते. ते आता कमी होतं.

'वेगाने हवा आत दाबली जाते' हा दावा मात्र सोडून द्या. 100 च्या वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा दाब वातावरणाच्या दाबाच्या अर्धा टक्कासुद्धा भरत नाही. चाचणी घाटात करत असाल तर आणखी एक गोष्ट सांभाळा. गगनबावड्याहून करूळ घाट उतरून वैभववाडीला गेलं की गाडी मोकळी झाल्यासारखी वाटते. 500 मीटर खाली आल्यावर हवेचा दाबच 5-6 टक्क्यांनी वाढतो, माझ्या सगळ्या खटपटीपेक्षा जास्त. त्यामुळे तुलना एकाच रस्त्यावर, एकाच दिशेने करावी.

पावसाळ्याची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. सर्वात थंड हवा बंपरच्या खालच्या बाजूला, फॉग लॅम्पच्या रिकाम्या जागेत मिळते आणि बरेच जण तोंड तिथेच काढतात. आमच्या भागात हे कृपा करून करू नका. पंचगंगेचं पाणी 2019 ला आणि 2021 ला शिरोलीजवळ थेट महामार्गावर आलं होतं. पण महापुराची वाट बघायलाही नको. गगनबावडा रस्त्यावर साध्या पावसातही पाणी आडवं वाहतं. इंजिनाने पाणी ओढलं तर ते हवेसारखं दाबलं जात नाही, पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन उघडण्याचा खर्च या सगळ्या प्रयोगाच्या कित्येक पट. म्हणून माझं तोंड कंपनीच्या मूळ तोंडाच्या उंचीवरच आहे, पाइप तोंडापासून आधी थोडा खाली आणि मग वर बॉक्सकडे जातो, आणि त्या सर्वात खालच्या जागी 6 मिलिमीटरचं भोक ठेवलंय. जुलैमध्ये घाटात धो धो पावसात गाडी चालवून आल्यावर दर वेळी बॉक्स उघडून पाहिला. भोकातून पाणी गळाल्याच्या खुणा होत्या, फिल्टरची खालची कड दमट लागली, पण भिजला कधीच नाही.

ऊसहंगामात वेगळंच दिसलं. ट्रॉल्यांमागून जाताना उडणारा फुफाटा आणि पाचटाचे तुकडे आता सरळ तोंडात येतात. बारीक जाळी लावली आहे, तरी फिल्टर पूर्वीपेक्षा लवकर मळतो. आधी सर्व्हिसिंगला एकदा झटकला की पुरायचा, आता मध्ये एकदा काढून पाहावाच लागतो. जाळी उंदरांसाठीही हवीच. थंडीत म्हणाल तर काहीच फरक नाही. सकाळी 14-15 अंशांत कंपनीची रचनाही उत्तम चालते.

मायलेज होतं तेवढंच आहे. ईसीयू हवेच्या प्रमाणात पेट्रोल देतो, त्यामुळे थंड, दाट हवा आली की पेट्रोलही तेवढंच वाढतं. उलट हलक्या पायाने चालवताना किंचित गरम हवा इंजिनाला सोपी जाते, कारण थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) जास्त उघडा राहतो. मायलेजसाठी कुणी हे करणार असेल तर पैसे वाचवावेत.

कायद्याचंही सांगायला हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182 अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मी इंजिन, एक्झॉस्ट, आवाज यांना हात लावला नाही, पीयूसी नेहमीसारखी झाली, आणि मूळ नळी माळ्यावर जपून ठेवली आहे. दोन क्लिपा सोडल्या की गाडी पूर्ववत. वॉरंटीतल्या गाडीला मात्र हे करू नये.

तक्रारी दोन. बीडिंगचं रबर उन्हाने कडक झालंय, मे महिन्याआधी बदलावं लागेल. आणि आडोशामुळे त्या बाजूचा हेडलाइटचा बल्ब बदलायला हात जात नाही, आधी पत्र्याचे स्क्रू काढावे लागतात. नव्याने केला तर पत्रा दोन तुकड्यांत करीन.

टर्बो डिझेलवाले विचारतात, त्यांना एवढंच: तुमच्याकडे टर्बो स्वतःच हवा खूप तापवतो आणि ती थंड करण्याचं काम इंटरकूलरचं. आधी त्याच्या फिनमधली माती धुऊन काढा, मग आकडा बघा. पेट्रोलवाल्यांनीही आधी ॲडॅप्टर लावून एक कडक दुपार मोजावी. गर्दीत तुमचा आकडा बाहेरच्या तापमानापेक्षा 10-12 अंशांनीच वर असेल, तर कंपनीने तुमचं काम आधीच केलेलं आहे.