पहिल्यांदा शिबोरी करताय? किटची बादली घ्यावी की चुन्याची

मैत्रिणीला शिबोरी, म्हणजे कापड बांधून-दाबून रंगवायची जपानी पद्धत, करून बघायचीय, तेही इंडिगो या निळ्या रंगातच, आणि तिचं सगळं अडलंय एका प्रश्नावर, की तयार किट मागवू का चुना आणि फ्रुक्टोज (फळांतली साखर) वापरून रंगाची बादली लावू. मी दोन्ही केलंय, आधी किट, नंतर चुना. माझं मत आधीच सांगून टाकते: एकच रविवार हातात असेल आणि चारपाच जण मिळून करणार असाल तर किट घ्या, पण एकट्याने महिनाभर थोडं थोडं शिकायचं असेल तर चुन्याचीच बादली लावा. नैसर्गिक की केमिकल हा मुद्दा माझ्यासाठी दुय्यम आहे, खरा प्रश्न तुमच्याकडे वेळ किती आणि कसा आहे हा आहे.

थोडं मागचं समजून घ्या म्हणजे निवड सोपी होईल. इंडिगो पाण्यात विरघळतच नाही. त्याला आधी रिड्यूस करावं लागतं, म्हणजे रासायनिक क्रियेने विरघळणाऱ्या रूपात आणावं लागतं, मग तो पिवळट हिरवा होऊन अल्कलीच्या (चुना किंवा सोडा घातलेल्या) पाण्यात विरघळतो, कापडात शिरतो, आणि बाहेर काढलं की हवेतल्या ऑक्सिजनने पुन्हा निळा होऊन तिथेच अडकून बसतो. हिरवं कापड डोळ्यांसमोर निळं होताना पहिल्यांदा बघाल तेव्हा हातातलं काम थांबवून बघतच राहाल.

किटमधला इंडिगो कारखान्यातच रिड्यूस करून आलेला असतो, सोबत धुण्याचा सोडा, म्हणजे सोडा अॅश आणि बहुतेक वेळा हायड्रो, म्हणजे इंडिगो रिड्यूस करणारी सोडियम हायड्रोसल्फाइटची पावडर असते. पाण्यात घातलं, हलक्या हाताने ढवळलं, झाकून ठेवलं की साधारण तासाभरात काम सुरू. पण हायड्रोला उग्र गंधकाचा वास असतो, बंद बाथरूममध्ये अजिबात करू नका, गच्चीत किंवा अंगणात करा, आणि त्याचं पाकीट ओलं होऊ देऊ नका कारण दमट झालं की ते तापतं, पेटूही शकतं. ही बादली फार दिवस टिकत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर कमी होतो, परत हायड्रो घालावं लागतं.

चुन्याच्या बादलीचं प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे, एक भाग इंडिगो, दोन भाग चुना, तीन भाग फ्रुक्टोज. दहा लिटरला मी ५० ग्रॅम, १०० ग्रॅम आणि १५० ग्रॅम घेतलं होतं, मध्यम निळा येतो. चुना विरलेला हवा, पावडर मिळते ती. कळीचा चुना आणून थेट पाण्यात टाकू नका, तो उकळ्या फुटल्यासारखा तापतो आणि अंगावर उडतो. हातमोजे दोन्ही पद्धतींत हवेतच.

आणि आपल्याकडची एक गडबड, दुकानात जाऊन नीळ मागितली तर पांढऱ्या कपड्यांना द्यायची नीळ हातात पडेल, तिचा इथे काही उपयोग नाही. केसांना लावायची इंडिगो पावडरही नको, ती वाळलेल्या पाल्याची असते, आपल्याला पाल्यातून काढलेला रंग हवा असतो. तमिळनाडूत तो बनतो आणि ऑनलाइन मिळतो.

चुन्याची बादली शिकवते खूप. वर तांबूस चकाकणारी साय येते, मधोमध निळ्या फेसाचं फूल जमतं आणि खालचं पाणी मधासारखं पिवळट दिसतं, तेव्हा ती तयार. माझी पहिली बादली जानेवारीत पुण्याच्या थंडीत लावली होती, दोन दिवस पाणी नुसतं निळसर गढूळ, कापड काढलं तर फिक्कट. मग बादली गरम पाण्यात ठेवून साधारण ५० अंशांपर्यंत नेलं, चमचाभर फ्रुक्टोज घातलं, तासाभराने पाणी पिवळं झालं. किटमध्ये हे बघायची वेळच येत नाही, म्हणून रंग का चढला आणि का नाही हे कळतही नाही.

जपानमध्ये तोकुशिमाला इंडिगोच्या पाल्याचं कंपोस्ट करतात, त्याला सुकुमो म्हणतात, आणि राखेच्या पाण्यात ते आंबवून रंगवतात. अप्रतिम असतं, पण पहिल्या वेळेला त्याच्या वाटेला जाऊ नका, रोज सांभाळावं लागतं.

आता बांधणीकडे, कारण बादलीची निवड इथे येऊन मिळते. नागोयाजवळच्या अरिमात्सु गावात १६०८ पासून हे काम चालू आहे, तिथे बांधणारे वेगळे आणि रंगवणारे वेगळे. बांधण्यातच खरा वेळ जातो. किटची बादली वाट बघत नाही, म्हणून त्या दिवशी इताजिमे करा, म्हणजे कापडाची घड्या घालून लांब पट्टी करून, तिच्या त्रिकोणी घड्या करून दोन लाकडी फळ्यांत दाबायचं, नाहीतर कुमो, म्हणजे चिमटीत कापड धरून दोरा गुंडाळत जायचं, आपल्या बांधणीसारखंच पण मोठं. दहा मिनिटांत पुडी तयार. चुन्याची बादली मात्र थांबते, म्हणून तिच्यासोबत नुई करा, संध्याकाळी बसून धावदोरा घालायचा, दोरे ओढून घट्ट गाठ मारायची, झाली पुडी की बुडवायची. पाईपवर गुंडाळून करतात ते अराशी चुन्यात अवघड, तळाशी गाळ असतो आणि पाईप त्यात रुततो. पुड्यासुद्धा दोऱ्याने लोंबकळत ठेवा, गाळाला लागल्या की डाग पडतात.

दोन्हीत सारखं एवढंच, कापड सुती घ्या, मलमल उत्तम, आणि नवीन असेल तर धुण्याच्या सोड्यात उकळून खळ पूर्ण काढा. ओलं करून, हवा पिळून काढूनच हळूच बुडवा. किटमध्ये मिनिट-दोन मिनिटं, चुन्यात पाच-दहा, मग पंधरा मिनिटं हवेत, असं चारपाच वेळा. गडद हवा म्हणून एकदाच अर्धा तास बुडवून ठेवलं तर रंग वरवर बसतो आणि नंतर बोटांना लागत राहतो. ओल्यात दिसतो त्यापेक्षा वाळल्यावर फिका होतो, त्यामुळे हवा त्याच्यापेक्षा एक बुडी जास्तच द्या. चुन्याचं कापड शेवटी थोड्या व्हिनेगरच्या पाण्यातून काढा, नाहीतर कडक राहतं.

महिन्याने चुन्याची बादली दमते, फ्रुक्टोज घालूनही फिकट आकाशीच येतो. तेव्हा लगेच ओतून देऊ नका, नुईचे रुमाल त्यात टाका. माझ्याकडचे सगळ्यात आवडते दोन रुमाल त्या शेवटच्या पाण्यातले आहेत.